सर पुढच्या वर्षी निवृत्त होताहेत. विभागातर्फे गौरवग्रंथ काढायचाय, सुरुवात कुठून करावी?

लेख मागवण्यापासून करू नका, लेखनसूचीपासून करा. पुस्तकं, नियतकालिकांत विखुरलेले लेख, परीक्षणं, इतरांच्या पुस्तकांना लिहिलेल्या प्रस्तावना आणि सरांच्या मार्गदर्शनाखाली झालेले पीएच.डी.चे प्रबंध, सगळं त्यात यायला हवं. नोंद सरांच्या आठवणीवर करू नका, अंक हातात घेऊन करा. दिवाळी अंकातल्या लेखांची सालं आणि पृष्ठक्रमांक हमखास चुकतात. या कामाला दोन महिने लागतात. पुढे कुणी ग्रंथ उघडलाच, तर बहुधा याच पानांसाठी उघडेल.

दुसरं म्हणजे आठवणींना आवर घाला. 'सरांचा प्रेमळ स्वभाव' या एकाच विषयावर वीस लेख येतात आणि ते सरांनाही वाचवत नाहीत. संस्कृतचे अभ्यासक रा. गो. भांडारकरांना त्यांच्या ऐंशीव्या वर्षी, १९१७ मध्ये, आणि धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे पां. वा. काणे यांना एकसष्टीला, १९४१ मध्ये, जे ग्रंथ अर्पण झाले ते संशोधनपर लेखांचे होते. म्हणून तर अभ्यासक आजही ते चाळतात. तुम्हीही दोन तृतीयांश पानं सरांच्या विषयाला द्या. उरलेल्यात एक दीर्घ मुलाखत, जीवनपट, लेखनसूची आणि निवडक पाच-सहा आठवणी.

पंधरा लेख हवे असतील तर बावीस-पंचवीस जणांना विचारा. एक तृतीयांश येतच नाहीत. पत्रात विषय, तीन हजार शब्दांची मर्यादा, संदर्भ देण्याची पद्धत आणि 'युनिकोडमध्येच पाठवा' हे स्पष्ट लिहा. जुन्या फॉन्टमधला मजकूर रूपांतरित केला की पहिली वेलांटी आणि रफार जागा सोडतात. 'वर्ष'मधला रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. मूळ प्रत शेजारी ठेवूनच मुद्रितं (छपाईआधीच्या तपासणीच्या प्रती) तपासा, किमान तीनदा.

छपाई डेमी आकारात (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच), सोळा पानी फॉर्म्याच्या, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गठ्ठ्याच्या हिशेबाने. २४० पानं म्हणजे पंधरा फॉर्मे. २४३ झाली तर छापणारा फॉर्मा वाढवेल किंवा कोरी पानं लावेल, म्हणून आधीच कापाकापी करा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, प्रकाशकाच्या नावे आणि विनाशुल्क मिळतो. पुठ्ठा बांधणी आणि साधी बांधणी दोन्ही काढणार असाल तर क्रमांक दोन लागतील.

पैशांसाठी माजी विद्यार्थ्यांकडे जा. सध्या सरांकडे संशोधन करणाऱ्यांकडून वर्गणी घेऊ नका. त्यांना नाही म्हणताच येत नाही.

समारंभ निवृत्तीच्या दिवशी ठेवू नका. त्या दिवशी सर कार्यालयात ना-देय (काही देणं बाकी नसल्याच्या) प्रमाणपत्रांच्या मागे असतात. नंतरचा एखादा रविवार बरा. मानपत्र दीडशे शब्दांचं पुरे, पण त्यातलं नाव, पदव्या आणि सालं सरांच्या घरच्यांकडून तपासून घ्या. फ्रेम झाल्यावर सापडलेली चूक भिंतीवर कायमची राहते.

प्रतींचा हिशेब आधी मांडा: प्रत्येक लेखकाला दोन, सरांना पंचवीस, आणि कायद्याने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना एकेक. तीनशे छापल्या तर विक्रीला किती उरतात ते त्यानंतरच मोजा.