स्वे बार : जाड, बारीक की सुटा?

प्रश्न : माझ्या गाडीला पुढे-मागे सलग ॲक्सल (दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्यावर) आणि कॉइल स्प्रिंग आहेत. गाडी ५० मिमी उंच करणारं लिफ्ट किट बसवल्यापासून ती वळणावर फार कलते. जाड स्वे बार घालू, की खडकाळ वाटेवर जायचं म्हणून बार काढूनच टाकू?

उत्तर : स्वे बार म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा, वळणावर गाडीचं कलणं रोखणारा पोलादी दांडा. त्याची वळवलेली टोकं म्हणजे हात, आणि हात ॲक्सलला जोडणाऱ्या छोट्या दांड्या म्हणजे लिंक. आधी लिंक मोजा. लिफ्टमुळे चॅसिस आणि ॲक्सलमधलं अंतर ५० मिमीने वाढलं, पण लिंक जुन्याच राहिल्या असतील तर बारचे हात तिरपे ओढले गेलेले दिसतील. चाक पूर्ण खाली लोंबलं की हात आणि लिंक जवळजवळ एका रेषेत येतात. तसं झालं की बार उलटा पडतो आणि चाक वर येताना लिंक वाकते. जाड बार घालून हा दोष जात नाही, उलट लिंकवर जोर वाढतो.

गाडी सपाट जमिनीवर, नेहमीच्या सामानासह उभी करा. दोन्ही लिंक सोडा, बारचे हात जमिनीला समांतर धरा आणि बारच्या भोकाच्या मध्यापासून ॲक्सलवरच्या ब्रॅकेटच्या भोकाच्या मध्यापर्यंत मापा. तीच नव्या लिंकची लांबी. ती साधारण जुनी अधिक ५० मिमी निघते. समोरून आणि बाजूने पाहताना लिंक शक्य तितकी उभी हवी.

एवढं करूनही गाडी कलली तर जाडीचा विचार करा, पण जपून. बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २५ मिमीच्या जागी २८ मिमीचा बार म्हणजे तीनच मिमी, पण ताठपणा ५७ टक्के जास्त. (२८ मिमीचा बार आतून १८ मिमी पोकळ असेल तर वजन ४१ टक्के कमी होतं आणि ताठपणा फक्त १७ टक्के घटतो. म्हणून पोकळ बारला कमजोर समजू नका.) हाताला दोन-तीन भोकं असलेला बार मिळाला तर तो घ्यावा. लिंक आतल्या भोकात आणून हात २५० चा २२५ मिमी केला की ताठपणा सुमारे २३ टक्के वाढतो, नवा बार लागत नाही.

काढून टाकण्याबद्दल : दोन्ही चाकं एकत्र वर गेली तर बार नुसता फिरतो, काहीच अडवत नाही. एकच चाक दगडावर चढलं की तो पिळला जातो आणि दुसऱ्या चाकाला वर ओढतो. ते चाक हवेत गेलं आणि डिफरेन्शियल (इंजिनचा जोर दोन चाकांत वाटणारा गिअर) उघडं, म्हणजे लॉक नसलेलं असलं की जोर त्याच चाकात वाया जातो. म्हणून कठीण वाटेवर बार सुटा हवा. पण रस्त्यावर, त्यातही टपावर सामान असताना, तो हवाच. कायमचा काढू नका.

प्रश्न : मग सुटणाऱ्या लिंक पुढे बसवू की मागे?

उत्तर : पुढे. सहसा पुढचा बार जाड असतो, तो सोडला की चाकांची हालचाल सर्वांत जास्त मोकळी होते. मागचा जोडलेला राहिला तर उतारावर आडवी जाताना गाडीला थोडा आधार मिळतो. मात्र पुढचा सुटा असताना वेग नको. मागचा भाग तुलनेने ताठ होतो आणि झटक्यात वळवलं तर शेपटी बाहेर जाते. जीप रँग्लर रुबिकॉनमध्ये पुढचा बार बटणाने सुटतो आणि सुमारे ३० किमी वेगाच्या वर गाडी तो आपोआप जोडते. हाताने सोडणाऱ्यांनी तीच मर्यादा पाळावी.

सोडलेली लिंक वर बांधून ठेवा, लोंबती ठेवलीत तर ब्रेकचा पाइप कापेल. जोडताना सपाट जागा शोधा. चाकं वरखाली असली तर भोकं जुळत नाहीत, आणि हातोड्याने पिन ठोकायचा मोह होतो. एक बाजू बसली की दुसरीकडे गाडी हाताने हलवून पाहा.

पुढे स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळं हलणारं) असेल तर बार सोडण्याचा फायदा कमी. तिथे चाकाचा प्रवास शॉक अ‍ॅब्जॉर्बर आणि कंट्रोल आर्म आधीच थांबवतात.

प्रश्न : नवे पॉलियुरेथेन बुश (बारला धरणारी प्लास्टिकसारखी अस्तरं) घातल्यापासून खळखळ आणि किरकिर दोन्ही येतात.

उत्तर : किरकिर म्हणजे कोरडा बुश. सिलिकॉन ग्रीस लावा. खळखळ वेगळी : एक तर लिंकचा बॉल जॉइंट सैल आहे, नाहीतर बुश बारच्या व्यासाचा नाही. दोन्ही लिंक सोडून बार हाताने फिरवा. तो जड पण सलग फिरला पाहिजे. अडकत असेल तर बुश लहान आहे, डुगडुगत असेल तर मोठा. रबरी बुशच्या लिंकचे नट मात्र गाडी चाकांवर उभी असतानाच आवळा. जॅकवर आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.