राजाच्या पंगतीत वाढपी कोण?

प्रश्न : मी कोथरूडला राहते, सहा महिने झाले जर्मनचा क्लास लावलाय. सर म्हणाले की हजारेक वर्षांपूर्वी तिकडे राजाला राजधानीच नव्हती आणि त्याला निवडायचे सरदार. मग मोठा कोण, राजा की सरदार? आपल्याकडे शनिवारवाडा बघितला की कळतं तरी कारभार कुठून चालायचा.

उत्तर : सर बरोबर सांगतायत ताई, फक्त ‘निवडायचे’ म्हणजे आपल्यासारखं मतदान नाही हं, बापाने मुलाचं नाव आधीच पुढे केलेलं असायचं आणि सरदारांनी त्याला होकार द्यायचा. पण तो होकार लागायचाच. ९३६ मध्ये आखेन शहरात जर्मनांचा राजा पहिला ओटो याचा राज्याभिषेक झाला, त्यानंतरच्या मेजवानीत चार ड्यूक, म्हणजे एकेका प्रांताचे मोठे सरदार, चक्क कामाला होते, गिझलबर्टकडे सगळी व्यवस्था, एबरहार्ड पंगतीवर, हरमान पेयांवर आणि आर्नुल्फकडे घोडे नि तळ. कार्यात घरचे चुलते-मामा कंबर बांधून उभे राहतात ना, तसंच, त्यात कमीपणा नाही, उलट मान!

आणि गंमत पुढेच आहे. यातल्या एबरहार्डने थोड्याच दिवसांत एका सॅक्सन, म्हणजे सॅक्सनी प्रांतातल्या, माणसाचं ठाणं जाळलं, माणसं मारली. राजाने त्याला १०० पौंड चांदीच्या किमतीच्या घोड्यांचा दंड केला आणि त्याच्या साथीदारांना काय शिक्षा, तर प्रत्येकाने कुत्रं उचलून माग्डेबुर्ग शहरापर्यंत न्यायचं! आपल्याकडे गाढवावरून धिंड काढायचे, त्यातलाच प्रकार. पण ते पोचल्यावर राजाने त्यांना झापलं, नंतर भेटवस्तू देऊन परत पाठवलं. मला तरी सगळं उत्तर इथेच दिसतं, कारण या लोकांना कायमचं तोडणं राजाला परवडणारं नव्हतं. पगारी अधिकारी नाहीत, खडी फौज नाही, लढाईला माणसं आणायची तर ती याच सरदारांची, आणि त्यांच्या जमिनी, नातीगोती राजाच्या मेहेरबानीवर उभी नव्हती.

अर्थात एबरहार्ड सुधारला नाहीच. ९३९ मध्ये गिझलबर्टला घेऊन पुन्हा बंड केलं, आंडरनाखच्या लढाईत तो मारला गेला आणि गिझलबर्ट ऱ्हाईन नदीत बुडाला. त्या बंडात राजाचा सख्खा भाऊ हाइनरिशही होता, ९४१ मध्ये तर राजाला मारायचा कट केला त्याने, तरी माफी, वर पुढे बव्हेरिया प्रांताची ड्यूकगिरी. ९५३ ला ओटोचा मुलगा लिउडोल्फ त्याच्यावर उठला. भाऊबंदकी काय फक्त पेशव्यांच्याच घरात होती असं नाही. म्हणून ओटो बिशपांवर, म्हणजे चर्चच्या मोठ्या धर्मगुरूंवर, जास्त भिस्त ठेवायला लागला, त्यांच्या गादीवर मुलगा बसवायचा प्रश्न नसतो ना. धाकटा भाऊ ब्रुनो कोलोनचा आर्चबिशप होता, त्याच्याकडे लोथारिंगिया हा प्रांतही सोपवला.

राहिली राजधानी. राजा सगळा लवाजमा घेऊन आयुष्यभर फिरतीवर, कधी माग्डेबुर्ग, कधी क्वेडलिनबुर्ग, कधी इंगेलहाइम, जिथे स्वतःची शेतीवाडी किंवा मठ असेल तिथे मुक्काम, कारण एवढ्या माणसांना आणि घोड्यांना एकाच जागी बसवून किती दिवस पोसणार? शिवाय राजा समोर दिसला की त्याचा शब्द चालायचा, तो लांब गेला की सरदार आपल्या मनाचे राजे. ओटोचा बाप ९३६ मध्ये मेमलेबेनच्या मुक्कामी वारला आणि ९७३ मध्ये ओटोही तिथेच, मुक्कामातच गेला.