नागोयाला येतेस, तर माशाचं आधी ठरव

तुझा प्रश्न थोडक्यात असा. नवऱ्याला गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतून जपानातल्या नागोयाजवळच्या कारखान्यात पाठवतायत, मुलगी इथं पहिलीत जाईल, घर लिंगायत, अंडंसुद्धा वर्ज्य. आणि जपानला राहून आलेल्या कुणीतरी सांगितलंय की मासे सुरू करा, तिकडं मासा शाकाहारातच धरतात. हे खरं का, ताई?

खोटं. व्हिसा, पत्त्याची नोंद, विमा याबद्दल मी काही लिहीत नाही, ते सगळं सरकारी पानांवर नीट आहे. माशाबद्दल मात्र लिहिते, कारण तुझा प्रश्न वाचल्यापासून भांडी घासतानासुद्धा तेच डोक्यात आहे.

जपानी माणूस मासा भाजीत धरत नाही. फक्त तो त्याला मांसातही धरत नाही. हॉटेलात ‘निकु नाशी’, म्हणजे मांस नको, असं सांगितलंस की वेटर मान डोलावतो आणि विचारतो, ‘साकाना वा दाइजोबु?’ मासा चालेल ना? तो काही फसवत नसतो. इ.स. 675 मध्ये तेन्मु सम्राटानं गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खायला बंदी घातली, त्या यादीत मासा नव्हता. मेइजी सम्राटानं गोमांस खाल्लं ते थेट 1872 मध्ये. मधल्या काळात चोरून खाणारे असणारच, पण मांस वेगळं आणि मासा वेगळा हे पक्कं बसलं ते बसलंच.

आपल्याकडं तर वादच नाही. पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्याचा नियमच असा आहे की पाण्यातला प्राणी, नदीचा असो नाहीतर समुद्राचा, मांसाहारात गेला. अंडंही तिकडंच. दूध सुटलं. सारस्वत मासे खातात, बंगाली ब्राह्मण खातात, त्यांच्या रीतीला ते चालतं, पण ताटात सुरमई वाढून घेऊन ‘आम्ही शाकाहारी’ असं त्यांच्यातलं कुणी मला तरी म्हणालेलं नाही. तुला ज्यानं सांगितलं त्यानं स्वतःची सोय सांगितली. खायचे तर खुशाल खा, मी नाक मुरडणार नाही. कोल्हापूरच्या शाहूपुरीत आमच्या भिंतीपलीकडं रविवारी तांबडा रस्सा उकळायचा, अलीकडं आमटी-भात, आणि दोन्ही घरची पोरं दोन्हीकडं लोळायची. पण खाऊन वर त्याला शाकाहार म्हणू नकोस. पोरांना ते बरोबर कळतं.

आता दाशी. माशाचा तुकडा डोळ्यांना दिसतो, उचलून बाजूला ठेवता येतो. दाशी दिसत नाही. कात्सुओ नावाचा मासा उकडून, धुरावर धरून, लाकडासारखा टणक होईपर्यंत वाळवतात, रंध्यासारख्या पात्यावर त्याचा भुगा काढतात आणि तो गरम पाण्यात घालून गाळून घेतात. ते नितळ पाणी म्हणजे दाशी. मिसो सूप, उडोन नूडल्सचा रस्सा, उकडलेला पालक, शिजवलेला भोपळा, सगळ्यात तीच. नागोयाचे किशिमेन नावाचे चपटे नूडल्स मागवलेस तर वर तो भुगाच पसरलेला असतो आणि वाफेनं वळवळतो. पहिल्यांदा बघून मी खुर्ची मागं सरकवली होती. मिसो स्वतः सोयाबीनचा, त्याला काही नाही, पण पाकिटावर ‘दाशी-इरी’, म्हणजे दाशी घातलेला, असं असेल तर आत बहुतेक मासा आहे. पाकिटावरच्या ॲलर्जीच्या चौकोनावर विसंबू नकोस. तिथं झिंगा आणि खेकडा सांगणं सक्तीचं आहे, सामन वगैरे मासे ऐच्छिक, आणि कात्सुओ त्या यादीतच नाही. घटकांची बारीक ओळ पूर्ण वाचायची.

मासा नसलेली दाशी होते, हे तुला इथले लोकही पटकन सांगणार नाहीत. कोम्बू नावाची समुद्री वनस्पती रात्रभर गार पाण्यात, सोबत सुकवलेले शिताके मश्रूम. बौद्ध मठांतलं शोजिन र्‍योरी जेवण त्यावरच चालतं. (त्यात कांदा-लसूणही नसतो, म्हणजे कांदा-लसूण चटणीवर वाढलेल्या माणसाला ती शिक्षाच.) दाशीच्या ज्या ‘उमामी’ चवीचं एवढं कौतुक, ती 1908 मध्ये इकेदा नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं कोम्बूतूनच वेगळी काढली. कुणी ‘माशाशिवाय चव नाही’ म्हणालं तर हे ऐकव.

शाळेचं मात्र तू एका ओळीत उरकलंस. मला ते जमणार नाही.

इथं सरकारी प्राथमिक शाळेत डबा नसतो, क्युशोकु असतं. वर्गात सगळ्यांना एकच जेवण, आणि पांढरे एप्रन, टोप्या घालून मुलंच एकमेकांना वाढतात. महिनाअखेरीस पुढच्या महिन्याचं पत्रक येतं. त्यात रोजच्या जेवणाचे तीन रंगांचे रकाने: लाल म्हणजे शरीर बांधणारं, पिवळं म्हणजे ताकद देणारं, हिरवं म्हणजे प्रकृती राखणारं. लाल रकान्यात मासा, टोफू, दूध एका ओळीत मांडीला मांडी लावून. मी हायलायटर घेऊन बसायचे आणि रकाना पिवळा करून टाकायचे.

माझ्या मुलाच्या शाळेला कळवायला फॉर्म होता, तो ॲलर्जीचा. डॉक्टरांचा दाखला जोडा. कसला दाखला जोडू? आजार नाही, आम्ही खात नाही. तशी चौकटच नव्हती. मग बैठक. मुख्याध्यापक, वर्गशिक्षिका, आहारतज्ज्ञ बाई, एकीकडं तिघं आणि एकीकडं मी. सगळे कमालीचे नम्र. ‘थोडं चाखून बघू दे, नाहीतर तो एकटा पडेल.’ शेवटी ठरलं की घरून डबा आणायचा, पण दिसायला त्या दिवसाच्या जेवणासारखा. तळलेला मासा असेल त्या दिवशी मी पहाटे टोफू दाबून, त्याच मापाचा लांबट कापून, ब्रेडचा चुरा लावून तळायचे. ते एक वेळ ठीक. पण वाढपाच्या पाळीत माझ्या पोराचं नावच नव्हतं. तो ते जेवत नाही, तर त्याला कशाला त्रास, असा त्यांचा विचार. पांढरी टोपी घालायला तो किती टपलेला होता हे मलाच ठाऊक. कुणी वाईट हेतूनं केलं असतं तर मी कोल्हापुरी आवाज काढला असता. इतक्या गोड माणसांशी भांडायचं कसं? आज तो माध्यमिकला आहे आणि माझा राग आहे तसाच आहे.

चौथीत तो म्हणाला, डबा नको. मी कागदावर सही केली. त्या रात्री नवरा जेवला, उठला, एक शब्द बोलला नाही. आता आमच्या घरात तीन तऱ्हा आहेत. नवरा दाशीसुद्धा घेत नाही, ऑफिसात रोज भाजी-पोळी. पोरगा मीठ लावून भाजलेला साबा मासा मिटक्या मारत खातो, बाहेरच, घरात मी आणत नाही. आणि मी रस्सा पिते. तुकडा नाही, रस्सा. मग मी शाकाहारी का? काटेकोर बोलायचं तर नाही, आणि तुला वर एवढं ऐकवलं म्हणून हे सांगणं भाग आहे. सासूबाईंना यातलं काही माहीत नाही. सुट्टीत कोल्हापूरला गेलो की पोरगा पिठलं-भाकरी हाणतो, आजी खूश, आणि जेवण उरकेपर्यंत मी त्याच्या तोंडाकडं बघत बसते, हा आता काही बोलतोय की काय.

‘मासे नाहीत तर मेंदूला काय?’ हे डॉक्टर विचारतील. जवसाची चटणी आण, पण जवसातलं ओमेगा-3 माशातल्या प्रकारात फार थोडं बदलतं. माशांना ते मिळतं शैवालातूनच, आणि शैवालाच्या तेलाच्या गोळ्या मिळतात. बी-12 साठी दूध-दही चालू ठेव, रक्त तपासत राहा.

एकटं वाटतं का, असंही विचारलंयस. वाटतं. सायकल शिकून घे.

निघायच्या आधी तुम्ही दोघं बसा आणि तीन गोष्टींचं हो-नाही ठरवा: तुकडा, रस्सा, मासा तळला त्याच तेलात तळलेलं. पोरीसमोर ठरवा, तिलाही विचारा. शाळेच्या पहिल्याच बैठकीत डब्यासोबत वाढपाची पाळीही मागून घ्या, आणि ती कागदावर लिहून घ्या. तोंडी ‘हाय हाय’ म्हणजे ‘ऐकलं’, ‘होईल’ नव्हे. पहिलं पत्रक हातात आलं की फोटो काढून मला पाठव, कात्सुओ कुठं कुठं लपलाय ते खुणा करून देते.