रडकी नव्हेत, संथ गाणी: उद्यमबागच्या मुलाला उत्तर

तुझा प्रश्न दोनदा वाचला. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी मशीनवर सेकंड शिफ्ट, रात्री खानापूरकडची बस आणि कानात इंग्रजी इंडी, म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय आपली आपण गाणी काढणाऱ्या बँडची संथ, उदास गाणी. निम्मे शब्द कळत नाहीत तरी तीच ऐकावीशी वाटतात. आई म्हणते, असली रडकी गाणी ऐकून घरात अवदसा येते. बरोबरची मुलं ‘प्रेमभंग झालाय काय’ म्हणून चिडवतात. आणि तू विचारतोस, माझ्यात काही बिघडलंय का, आणि ही गाणी एवढी ओढतात ती कशाने?

तू लिहिलंयस त्यावरून बिघडलेलं काही दिसत नाही. एक गोष्ट मात्र तपासून बघायची, ती शेवटाकडे सांगतो.

मी बेळगावातल्याच वडगावचा. घराला लागूनच मागांची शेड. यंत्रमागाचा धोटा मिनिटाला शंभराच्या वर फेऱ्या मारतो आणि असे सहा माग शेजारी चालत असले की घरात बोलायचं म्हणजे ओरडायचं. आम्ही सगळी भावंडं अजूनही मोठ्यानेच बोलतो. मग कधीतरी भर दुपारी लाईट जायची. सगळे माग एका दमात थांबायचे. पहिले काही क्षण कानात नुसतं घुं व्हायचं आणि मग एकेक आवाज वर यायचा: भिंतीवरचं घड्याळ, शेजारच्या परसातला रहाट, आजीच्या हातातल्या काकणांची किणकिण. ते आवाज सकाळपासून तिथेच होते, पण ऐकू येत नव्हते. संथ गाणं माझ्यासाठी म्हणजे ती लाईट गेलेली दुपार. आठ तास स्पिंडल आणि कूलंटच्या आवाजात उभं राहून तू बसमध्ये बसतोस, तेव्हा तुझ्या कानाला काय हवं असेल हे मला वेगळं सांगायला नको.

पुढे मी शहापुरात कॅसेट भरून द्यायचं दुकान काढलं. लोक यादी आणून द्यायचे, आम्ही साठ किंवा नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर गाणी भरायचो. १९९६ च्या पावसाळ्यात बाहेरगावाहून इंजिनिअरिंगला आलेला एक मुलगा त्याची टेप घेऊन आला, तिची कॉपी हवी होती. मी हेडफोन लावला आणि पहिल्यांदा वाटलं मशीन हळू चाललंय, बेल्ट सैल झालाय. दोनदा तपासलं. मशीन ठीक होतं, गाणंच तसं होतं. गिटारचा एक सूर, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. मधल्या जागेत टेपची सूं सूं ऐकू यायची. लग्नाच्या गाण्यांच्या कॅसेटमध्येही ती सूं सूं असतेच, पण तिथे ती कुणाच्या कानावर येत नाही. ती टेप लो नावाच्या बँडची होती. मुलाला एक कॉपी दिली आणि एक माझ्याकडे ठेवून घेतली.

त्या बँडविषयी थोडं सांगतो, कारण तू ऐकतोस त्यातलं बरंच याच वळणाचं आहे. १९९० च्या आसपास अमेरिकेत गिटारचं संगीत कानठळ्या बसवणारं झालं होतं. तेव्हा काही जणांनी बरोबर उलटी वाट धरली. बॉस्टनकडचा गॅलॅक्सी ५००, न्यूयॉर्कचा कोडीन, सॅन फ्रान्सिस्कोचा रेड हाऊस पेंटर्स. लो हा मिनेसोटातल्या डुलुथ गावचा. सुपीरियर सरोवराच्या काठचं, लांबलचक हिवाळ्याचं गाव. ॲलन स्पारहॉक आणि मिमी पार्कर या नवराबायकोने एका मित्राला घेऊन १९९३ साली बँड सुरू केला, पुढच्याच वर्षी पहिला अल्बम आला. मिमी उभ्याने ड्रम वाजवायची. समोर मोजून दोन-तीन नग आणि काठ्यांऐवजी बहुतेक वेळा ब्रश. लोकांनी या प्रकाराला स्लोकोअर नाव दिलं, ते या मंडळींना स्वतःला फारसं आवडलं नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात मिमी गेली. तिला मी कधी पाहिलेलं नाही, पण ती बातमी वाचली त्या दिवशी घरातलं माणूस गेल्यासारखं झालं आणि रात्री जेवण गेलं नाही.

आता ओढ कशाची. तार छेडली की सूर लगेच मरत नाही. तो विरत जातो, थरथरतो, खोलीच्या भिंतींवर आपटून परत येतो. जलद गाण्यात दुसरा ठोका येऊन त्याला झाकून टाकतो. नाचाचं गाणं मिनिटाला एकशेवीस ठोक्यांच्या घरात चालतं, ही गाणी पन्नास-साठवर. म्हणजे प्रत्येक सुराला शेवटपर्यंत जायला वेळ मिळतो आणि ऐकणाऱ्यालाही त्याच्या मागोमाग जाता येतं. गायकही माईकला अगदी चिकटून हळू गातो, शेजारच्या सीटवर बसून फक्त आपल्याशी बोलल्यासारखा. २००६ साली इटलीतल्या पाविया विद्यापीठाच्या बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी चोवीस जणांना वेगवेगळं संगीत ऐकवून त्यांचा श्वास, नाडी, रक्तदाब मोजला. जलद संगीताने ते वाढले, हे कुणीही सांगेल. पण मध्ये दोन मिनिटांची शांतता ठेवली होती, त्या शांततेत ऐकणारे संगीत सुरू होण्याआधी होते त्याहूनही निवांत झाले. मला हे वाचून वडगावची शेड आठवली. नुसती शांतता वेगळी आणि आवाजामागून आलेली शांतता वेगळी.

हे आपल्याकडे नवीन नाही. कुमार गंधर्व आपल्या बेळगाव तालुक्यातल्या सुळेभावीचे, जन्म १९२४. ऐन तारुण्यात क्षय झाला, १९४८ मध्ये ते देवासला राहायला गेले. गाणं बंद, अंथरुणावर पडून माळव्यातली लोकगीतं ऐकत राहिले. पाच-सहा वर्षांनी परत गायला लागले तेव्हा एक फुप्फुस जवळजवळ निकामी होतं. लांब पल्ल्याच्या ताना घेण्याऐवजी ते आखूड सुरावट घेऊन थांबायचे. त्यांची निर्गुणी भजनं ऐक. दोन सुरावटींमध्ये ते गप्प असतात तेव्हाही गाणं चाललेलंच असतं. इंडी ऐकणाऱ्या पोरांना मी मुद्दाम त्यांच्याकडे पाठवतो आणि ती मुलं परत येऊन आणखी मागतात.

उदासपणाचं म्हणशील तर आपल्या भाषेत त्याला नेमका शब्द आहे, हुरहूर. दुःख वेगळं. दुःखाला कारण असतं, ते जेवू देत नाही. हुरहुरीला कारण लागत नाही, ती कातरवेळी येते आणि थोडी गोडही वाटते. २०१४ साली तारुफी आणि कोल्श या दोघा संशोधकांनी ७७२ जणांना विचारलं, उदास संगीत ऐकताना मनात काय येतं? सगळ्यांत जास्त आलेलं उत्तर दुःख नव्हतं, गेलेल्या दिवसांची ओढ होती. लोकांनी असंही सांगितलं की या उदासीची खऱ्या आयुष्यात किंमत मोजावी लागत नाही. गाण्यातलं कुणी आपलं मेलेलं नसतं, म्हणून ते दुःख हातात घेऊन नीट बघता येतं.

माझी आजी पहाटे जात्यावर ओव्या म्हणायची. पंचमीला न्यायला न आलेला भाऊ, दूर राहिलेलं माहेर, मेलेली लेक. सूर खालचा, जात्याच्या फेऱ्याबरोबर जाणारा, पिठाची रास वाढत जाईल तसा आणखी खाली उतरणारा. ऐकायला कुणी नाही असं समजून ती गायची. मी गोधडीत पडून ऐकायचो आणि ती रडते आहे असं मला एकदाही वाटलं नाही. दळण झालं की पदर झटकून ती चुलीकडे जायची, तेव्हा तिचा चेहरा उजळलेला असायचा. आता कुणीतरी आपल्या खोलीत बसून, कंपनी नाही की स्टुडिओ नाही, एका माईकवर हळू आवाजात गाणं भरतो, त्याला इंडी म्हणतात. मला त्यात जातंच दिसतं.

शब्द कळत नाहीत याची खंत करू नकोस. आपण या भागातली माणसं अर्धवट कळणाऱ्या भाषेत ऐकण्यात मुरलेली आहोत. घरात मराठी, बाजारात कन्नड, चोर्ला घाट उतरला की कोंकणी. मला लहानपणी पुरंदरदासांच्या कन्नड पदांतलं अक्षर कळत नव्हतं, तरी शेजारच्या काकू म्हणायला लागल्या की मी खेळ सोडून उंबऱ्यावर जाऊन बसायचो. शब्द मागाहून येतात. काही गाण्यांचे मला वीस वर्षांनी कळले आणि तोवर मी लावलेला अर्थ मला जास्त आवडायचा, तोच ठेवला.

आता ती तपासायची गोष्ट. गाणं संपल्यावर तू काय करतोस ते बघ. उठतोस, जेवतोस, झोप लागते, सुट्टीला मित्रांकडे जातोस, तर ऐक पाहिजे तेवढं. पण एकच गाणं रात्रभर फिरत असेल, झोप उडाली असेल, माणसं नकोशी झाली असतील, मनातलं तेच तेच दळण थांबत नसेल, तर तिथे संथ गाणं मदत करत नाही, उलट आणखी खोल नेतं. माझं झालंय हे. वडील गेले त्या वर्षी दोन महिने मी टेपची एकच बाजू पुन्हा पुन्हा लावत होतो. शेवटी बायको म्हणाली, ‘तुम्ही गाणं ऐकत नाही आहात, गाण्याच्या आड बसलाय.’ मी टेप कपाटात ठेवली आणि डॉक्टरांकडे गेलो. तुझ्यावर तशी वेळ आली तर १४४१६ हा टेली मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत. आणि धारवाडला डिमहान्स हे मानसिक आजारांचं सरकारी रुग्णालय आहे, बेळगावहून दोन तासांच्या आत पोचतोस. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

ऐकायचं म्हणशील तर लो बँडच्या पहिल्या अल्बमपासून सुरुवात कर आणि आख्खा ऐक, एकेक गाणं तोडून नको. आवाज कमी ठेव, ही गाणी मोठ्याने लावली की त्यांतला जीव जातो. मग गॅलॅक्सी ५००. कोडीन जरा जड आहे, नंतर घे. आपल्याकडचं हवं असेल तर बेंगळुरूचा परवाज बँड, उर्दू आणि काश्मिरीत गातात, लांब आणि सावकाश उलगडणारी गाणी. आणि बस मच्छे, देसूर सोडून पुढे अंधारात शिरली की एखाद्या दिवशी कानातलं काढून नुसता पाऊस ऐक. खानापूरचा पाऊस तुला मिळालाय, तो डुलुथवाल्यांना कुठे?

आणि आईचं. सुट्टीच्या दिवशी तिला इअरफोनचा एक कान दे, दुसरा तुझ्याकडे ठेव. एकच गाणं लाव, समजावून सांगू नकोस. मग विचार, तुझ्या आईला ओव्या यायच्या का? खानापूर तालुक्यातल्या बऱ्याच बायकांना थोड्याफार तरी येतात. आई म्हणायला लागली तर मोबाईलवर भरून घे. पंखा बंद कर, फोन तिच्यापासून हातभर लांब, गोधडीवर ठेव, म्हणजे घरघर येणार नाही. आणि मध्ये ती आठवायला थांबली, तर ती थांबलेली जागा कापू नकोस.