आधी ब्रेक ऑइल, मग पॅड

रोजची गाडी रेस ट्रॅकवर न्यायची म्हणून ब्रेक सुधारायचे असतील, तर मोठ्या कॅलिपरची, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाची, घाई नको (दिसतात भारी, मान्य). आधी पेडल तपास. ट्रॅकवर तापल्यावर ते मऊ पडून आत जात असेल तर ऑइल उकळतंय. पेडल कडक, तरी गाडी थांबत नाही, तर पॅड तापून हरलेत. डॉट ४ या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा किमान उत्कलनबिंदू नवं असताना २३०, ओलावा मुरल्यावर जेमतेम १५५ अंश सेल्सिअस. म्हणून ऑइल आधी बदल.

रोजच्या गाडीला पक्के रेसिंग पॅड लावू नकोस. थंड असताना ते नीट धरत नाहीत, वर डिस्क खातात. नवे पॅड बसवलेस की मोकळ्या रस्त्यावर वेग वारंवार जोरात उतरव, पण तापलेल्या ब्रेकवर गाडी थांबवून पेडल दाबून धरू नकोस. डिस्कवर पॅडचा ठसा उमटतो आणि मग प्रत्येक ब्रेकला स्टिअरिंग थरथरतं.