संशोधकांच्या पाठीशी उभं राहायचंय

प्रश्न : समाजशास्त्रात पीएच.डी. झाली. आता संशोधक विद्यार्थ्यांना घडवण्याचं काम करायचंय. गावात राहून सुरुवात कशी करू? (एक वाचक, जि. यवतमाळ)

उत्तर : जवळच्या महाविद्यालयात आठवड्याला दोन तासांचा लेखनगट सुरू करा; सहा-सात जण पुरेत. 25 मिनिटं मुकाट्यानं लेखन, मग एकाच्याच दोन पानांवर चर्चा. व्याख्यानं नकोत, त्यानं प्रबंध पुढे सरकत नाही. मुलं बहुधा प्रश्नावलीत अडतात. ‘वार्षिक उत्पन्न किती?’ म्हटलं की कास्तकार गप्प. ‘यंदा कापूस किती क्विंटल झाला, काय भावानं गेला?’ असं विचारायला शिकवा. वेचणीच्या दिवसांत भेट संध्याकाळीच. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती नाही; विद्यापीठाचा नियम तपासा आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांपासून मुलांना वाचवा. प्रत्येक सत्राची नोंद ठेवा: कोण आलं, किती लिहिलं, कुठं अडलं. नोकरीच्या मुलाखतीत हीच वही दाखवायची.