प्री-एक्लॅम्पसियामुळे (गरोदरपणात बीपी वाढण्याचा आजार) बाळ लवकर काढावं लागलं, वार (प्लासेंटा) तपासणीला पाठवली. त्यातून काय कळतं?

आईकडून वारेला रक्त नीट पोचत होतं का, हे मुख्यतः कळतं. मी पॅथॉलॉजीत आहे. अशा स्लाइडवर आईच्या बाजूच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती गडद गुलाबी, जाड झालेल्या दिसतात, त्यांत चरबीने भरलेल्या फेसाळ पेशी साचलेल्या. शिवाय रक्ताअभावी मेलेले भाग म्हणजे इन्फार्क्ट, आणि दिवसांच्या मानाने लवकर पक्व झालेले वारेतले बारीक फाट्यांसारखे अंकुर. रिपोर्टमध्ये हे बहुधा ‘मॅटर्नल व्हॅस्क्युलर मालपरफ्यूजन’ (आईकडून वारेला रक्त नीट न पोचणं) या भारदस्त नावाखाली येतं. मात्र यातलं थोडंफार सुरळीत बाळंतपणातही सापडतं, आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून आजार नव्हताच असं नाही. आजाराचं निदान बीपी, लघवीतलं प्रोटीन, रक्ततपासण्या आणि लक्षणं यांवरून होतं. रिपोर्ट जपून ठेवा, पुढच्या खेपेला पहिल्याच भेटीत डॉक्टरांना दाखवा.